पेटीचं झाकण उघडा, मग नोत्र-दामच्या ऑर्गनकडे बघा

७ डिसेंबर २०२४. आपल्याकडे मध्यरात्र व्हायला आली होती, पॅरिसमध्ये संध्याकाळ होती. १५ एप्रिल २०१९ च्या आगीनंतर साडेपाच वर्षांहून जास्त काळ बंद असलेलं नोत्र-दाम कॅथेड्रल पुन्हा उघडत होतं. मी कानात हेडफोन घालून प्रक्षेपण बघत होते. आर्चबिशप लोराँ उल्रिश यांनी एका वाद्याला हाक मारली, एखाद्या झोपलेल्या माणसाला मारावी तशी: जागा हो, ऑर्गन. आणि दुसऱ्या टोकाच्या उंच सज्जातून वाद्यानं उत्तर दिलं. अशा आठ हाका, आठ उत्तरं. सगळी उत्तरं तिथल्या तिथे सुचून वाजवलेली.

दुसऱ्या दिवशी घरच्या ग्रुपवर मी ती चित्रफीत टाकली. काकांचा लगेच प्रश्न आला, “पेटीच ना ही? मोठी?”

प्रश्न अगदी रास्त आहे. त्याचं उत्तर अर्धं “हो” आणि अर्धं “नाही” असं आहे, म्हणून सुरुवात पेटीपासूनच करू.

आधी आपली पेटी

पेटीचं वरचं झाकण कधी उघडून पाहिलंय? आत लाकडी फळीवर पितळेच्या बारीक पट्ट्या ओळीनं बसवलेल्या असतात. यांनाच आपण ‘सूर’ म्हणतो. भाता हलवला की हवा आत साठते. पट्टी दाबली की त्या सुराखालचं भोक उघडतं, हवा तिथून धावते आणि पितळेची जीभ थरथरते. बस, झाला सूर.

ही पेटी मूळची पॅरिसचीच. १८४० च्या दशकात अलेक्झांडर देबैं या कारागिरानं तिथं ‘हार्मोनियम’ या नावाचं पेटंट घेतलं. ती पायानं भाता मारायची, टेबलाएवढी होती. आपल्याकडे ती मांडीपुढे घेऊन बसण्याजोगी झाली.

एक घोटाळा इथंच मिटवून टाकते. संगीत नाटकं पाहिलेल्या पिढीला ‘ऑर्गन’ म्हटलं की रंगमंचापुढे ठेवलेलं, पायानं वाजणारं वाद्य आठवतं. ते गोड वाद्य होतं, पण त्यातही पितळेचे सूरच असायचे. हा लेख ज्या ऑर्गनबद्दल आहे त्याला पाइप ऑर्गन म्हणतात, आणि त्यात सूर निघतो तो नळीतून.

एक नळी, एक सूर

रिकाम्या बाटलीच्या तोंडावर आडवी फुंकर मारा. घूं असा आवाज येतो. बाटलीत थोडं पाणी भरा, आवाज चढतो, कारण आतली हवा कमी झाली. ऑर्गनच्या बहुतेक नळ्या याच तत्त्वावर चालतात. खालून हवा येते, एका अरुंद फटीतून पातळ पापुद्र्यासारखी बाहेर पडते, समोरच्या धारेवर आपटते आणि नळीतली सगळी हवा हेलकावे घेऊ लागते. नळी लांब तर सूर खाली, आखूड तर वर.

दुसऱ्या जातीच्या नळ्यांत तळाशी पितळेची जीभ असते. जत्रेतली पिपाणी आठवा. तिचा जो करकरीत, धारदार आवाज असतो, त्याचं भव्य रूप म्हणजे ऑर्गनमधल्या तुताऱ्या.

बासरीवर आपण बोटं बदलून एकाच नळीतून सात सूर काढतो. इथं तशी सोय नाही. एका नळीतून जन्मभर एकच सूर निघतो. म्हणून नळ्यांची संख्या वाढत जाते. नोत्र-दामच्या ऑर्गनमध्ये त्या जवळपास ८,००० आहेत. सर्वांत लहान नळ्या पेन्सिलीएवढ्या. सर्वांत मोठ्या जातीला ३२ फुटी म्हणतात, म्हणजे साधारण तीन मजली घराची उंची. ३२ फुटी उघड्या नळीतली हवा सेकंदाला जेमतेम १६ वेळा हेलकावते. माणसाचा कान साधारण २० च्या खाली सूर म्हणून ऐकत नाही. तो सूर छातीला कळतो.

खर्ज, नर, मादी आणि पुढे बरंच काही

पण पट्ट्या तर पन्नास-साठच. मग आठ हजार नळ्या कशाला?

चांगली तीन सुरांची पेटी असेल तर तिच्यात खर्ज, नर आणि मादी अशा सुरांच्या तीन ओळी असतात. समोरची खुंटी ओढली की खर्जाची ओळ जागी होते, मग एकाच पट्टीतून एक सप्तक खालचा सूरही मिसळून येतो. ऑर्गनमध्ये अशा प्रत्येक ओळीला ‘स्टॉप’ म्हणतात. एका स्टॉपची एक खुंटी आणि नळ्यांचा एक संपूर्ण संच. पेटीत तीन ओळी, नोत्र-दाममध्ये ११५ स्टॉप. त्यांतल्या काहींत तर एका पट्टीला चार-पाच नळ्या एकदम बोलतात.

प्रत्येक स्टॉपचा गळा वेगळा. एक बासरीसारखा मऊ, एक तंतुवाद्यासारखा किंचित खरखरीत, एक रणशिंगासारखा. वादकापुढे हातांसाठी पाच कीबोर्ड जिन्याच्या पायऱ्यांसारखे एकावर एक रचलेले, आणि पायांसाठी खाली लाकडी पट्ट्यांचा आणखी एक.

आता माझ्या सगळ्यात आवडीच्या गोष्टीकडे येते. सुरात लागलेला तानपुरा छेडत राहिलं की खर्जाच्या तारेतून कुणीही न लावलेला गंधार ऐकू येतो. आपण त्याला स्वयंभू गंधार म्हणतो. कारण असं की कुठलाही सूर एकटा नसतोच. त्याच्या पोटात त्याच्या दुप्पट, तिप्पट, चौपट, पाचपट वेगाची कंपनं बारीक आवाजात चालू असतात. दुप्पट म्हणजे वरचा षड्ज, तिप्पट म्हणजे त्याच्यावरचा पंचम, पाचपट म्हणजे हा गंधार. त्यांचं प्रमाण बदललं की आवाजाचा पोत बदलतो. सनई आणि बासरी एकच सूर वाजवूनही वेगळ्या ओळखू येतात त्या यामुळे.

ऑर्गन बांधणाऱ्यांनी काय केलं? तो गंधार आपोआप येण्याची वाट न बघता त्यांनी त्याच्यासाठी नळ्यांची वेगळी ओळच बांधली. पंचमासाठीही वेगळी. मूळ ओळ ८ फुटांची धरली तर पंचमाची ओळ त्याच्या एक-तृतीयांश, म्हणजे २ पूर्णांक २/३ फूट. गंधाराची एक-पंचमांश, म्हणजे १ पूर्णांक ३/५ फूट. खुंट्यांवर हेच विचित्र अपूर्णांक लिहिलेले असतात. या ओळी एकट्या वाजवल्या तर चुकीच्या पट्टीत वाजल्यासारख्या वाटतात. पण मूळ सुरावर त्यांची थर लावली की कान त्यांना वेगळं ऐकतच नाही. एक नवाच, नाकातून गायल्यासारखा तेजस्वी आवाज उभा राहतो.

म्हणजे वादक आधी आवाज बांधतो आणि मग वाजवतो. फोडणीत हिंग किती, मोहरी आधी की जिरं आधी, यावर जसं स्वयंपाकिणीचं नाव ठरतं, तसं कुठल्या वेळी कुठले स्टॉप जोडायचे यावर ऑर्गनवादकाचं.

नुसती धूळच होती ना, मग इतकी वर्षं का?

बातम्यांत आलं होतं की आगीत ऑर्गन वाचला. ते खरं होतं. ऑर्गन पश्चिमेच्या दोन बुरुजांमधल्या सज्जात आहे. लाकडी छप्पर जळालं आणि मनोरा कोसळला, पण छपराखालची दगडी कमान बहुतांश टिकली. गायकवृंदापाशी असलेला दुसरा, छोटा ऑर्गन मात्र पाण्यानं खराब झाला.

मोठ्या ऑर्गनवर पाणी फारसं आलं नाही. आली ती धूळ. छपरावर आणि मनोऱ्यावर ४०० टनांहून अधिक शिसं होतं. आगीत त्याची पिवळट बारीक पूड झाली आणि ती प्रत्येक नळीच्या तोंडात, प्रत्येक झडपेच्या चामड्यावर बसली.

धुळीचा एक कण काय करतो हे मला माहीत आहे. आमच्या पेटीचा पांढरी चारचा सूर एकदा बंद पडला. भाता मारला की नुसती फुस्स हवा. दुरुस्तीवाल्यांनी झाकण काढलं, कागदाची पातळ पट्टी पितळेच्या जिभेखालून अलगद ओढली, आणि डोळ्यांनाही धड दिसेना असा एक कण बाहेर आला. सूर पुन्हा बोलू लागला. एक सूर, एक कण, एक कागद. आता हेच आठ हजार नळ्यांसाठी मनात आणा. शिवाय ही धूळ विषारी, हातमोजे आणि मुखवट्याशिवाय हात लावायची सोय नाही.

ऑगस्ट ते डिसेंबर २०२० या काळात ऑर्गन उतरवला. नळ्या फ्रान्समधल्या कार्यशाळांत गेल्या, साफ झाल्या, चामडी बदलली, वीजयंत्रणा नवी झाली. २०२३ पासून पुन्हा उभारणी. आणि मग सर्वांत नाजूक काम, त्याला २०२४ चे कित्येक महिने लागले.

त्या कामात दोन वेगळ्या गोष्टी असतात, आणि तानपुरा हाताळलेल्या माणसाला त्या लगेच समजतील. तार लावणं वेगळं आणि जवारी काढणं वेगळं. तार लावली की सूर बरोबर येतो. जवारी निघाली की तो सूर बोलतो. मिरजेचा कारागीर घोडीवर कानस फिरवतो, तार छेडतो, ऐकतो, पुन्हा फिरवतो, तसंच ऑर्गनचा कारागीर नळीच्या तोंडाची फट केसाएवढी कमी-जास्त करतो आणि ऐकतो. प्रत्येक नळीचं असं. आणि ऐकायचं ते सज्जात बसून भागत नाही, खाली लोक बसतात तिथं तो सूर कसा पोचतो ते ऐकावं लागतं. दिवसा बांधकामाचा खडखडाट. म्हणून हे लोक बहुतेक रात्रीच काम करायचे. पॅरिस झोपलेलं, आणि एका रिकाम्या देवळात कुणीतरी एकच सूर धरून बसलेलं!

हे एकदा करून संपत नाही. हवा तापली की तिच्यातला आवाजाचा वेग वाढतो आणि बासरी जातीच्या नळ्यांचा सूर चढतो. तापमान दहा अंशांनी वाढलं तर अर्ध्या स्वराच्या साधारण एक-तृतीयांश इतका. जिभेच्या नळ्या मात्र फारशा हलत नाहीत. म्हणजे उन्हाळ्यात एकाच वाद्याचे दोन भाग एकमेकांपासून दूर सरकतात. ऑर्गन सुरात ठेवणं हे बाग सांभाळण्यासारखं कायमचं काम आहे.

जोरात दाबलं तर जोरात वाजतं का?

नाही. इथं ऑर्गन पेटीपासूनही दूर जातो. पेटीवाला भात्यावरचा हात हलका-जड करून सुराला श्वास देतो. ऑर्गनमध्ये हवेचा दाब ठरलेला, तो वादकाच्या हातात नसतो. पट्टीवर मांजराचं पाऊल पडो की हातोडा, सूर तेवढाच.

आवाज लहान-मोठा करायची एक युक्ती आहे. काही नळ्या एका लाकडी खोलीत बंद असतात आणि त्या खोलीला खिडकीसारख्या झडपा असतात. वादक पायानं त्या उघडतो-मिटतो. शेजारच्या घरात रेडिओ चालू असताना कुणी खिडकी हळूहळू उघडावी, तसा आवाज फुलतो.

तरीही दोन वादक एकच रचना एकाच ऑर्गनवर वाजवतात तेव्हा फरक स्पष्ट कळतो. कारण बोटाच्या जोराशिवायचं सगळं त्यांच्या हातात असतं: सूर कधी धरायचा आणि, त्याहून महत्त्वाचं, कधी सोडायचा. दोन सुरांमध्ये सुईएवढी फट ठेवली की पुढचा सूर जोरात आल्यासारखा भासतो.

शिवाय समोर वास्तू असते. नोत्र-दामची लांबी सुमारे १२८ मीटर. आवाजाला या टोकापासून त्या टोकाला जायलाच सेकंदाचा तिसरा हिस्सा लागतो, आणि हात उचलल्यावरही दगडी कमानींतून सूर कित्येक सेकंद फिरत राहतो. भरभर वाजवलं तर सगळा काला होतो. म्हणून चांगला वादक भिंतींकडून सूर परत येण्याची वाट पाहतो. माझ्या मते ऑर्गनवादनाचा खरा कस इथं लागतो. रेकॉर्डिंग ऐकताना मी सुरांइतकंच सुरांनंतर काय उरतं ते ऐकते.

मींड नाही, मग गाणं कुठलं?

आपल्या कानाची ही तक्रार खरी आहे. पेटीवरही हाच आक्षेप होता. एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं ऑर्गनला जमत नाही. यमनातला तो निषादावरून षड्जाला स्पर्श करणारा श्वास इथं शोधू नये.

पण ऑर्गनची श्रीमंती दुसरीकडे आहे. चार गायक चार वेगळ्या चाली एकाच वेळी गात आहेत, प्रत्येकाची वाट स्वतंत्र आहे, आणि तरी कुठेही कुणी कुणाच्या पायात येत नाही, अशी कल्पना करा. पाश्चात्त्य संगीताचा हा प्राण, आणि ऑर्गनवर तो एकटा माणूस उभा करतो. योहान सेबास्टियन बाख यांच्या सहा त्रिसूत्री सोनाटांमध्ये उजवा हात एक चाल वाजवतो, डावा दुसरी, आणि दोन्ही पाय मिळून तिसरी. पाय ताल धरत नाहीत, गातात. पातळ तळव्याचे खास बूट घालून, खाली न बघता, टाच आणि चवडा यांच्या अदलाबदलीनं.

तिथं बसतं कोण?

पॅरिसच्या मोठ्या चर्चच्या ऑर्गनवर नेमणूक झाली की माणूस बहुधा तिथलाच होऊन जातो. सां-सुल्पीस चर्चमध्ये शार्ल-मारी विदोर १८७० मध्ये तात्पुरते म्हणून आले आणि १९३३ पर्यंत राहिले. त्यांच्यापुढचा ऑर्गन आरिस्तीद काव्हाये-कॉल यांनी घडवलेला होता. नोत्र-दामचा ऑर्गनही त्यांनीच जुन्या नळ्या सांभाळून नव्यानं बांधला आणि १८६८ मध्ये तो सुरू झाला.

त्या ऑर्गनवर १९०० ते १९३७ लुई व्हिएर्न बसत. जन्मापासून दृष्टी जवळजवळ नव्हतीच. फ्रान्समध्ये अंध ऑर्गनवादकांची मोठी परंपरा आहे, आणि तिच्या मुळाशी जे नाव आहे ते आपल्या सगळ्यांना वेगळ्याच कारणानं ठाऊक आहे: लुई ब्रेल. ब्रेल स्वतः पॅरिसच्या चर्चमध्ये ऑर्गन वाजवत. १८२९ मध्ये त्यांनी आपली ठिपक्यांची लिपी छापली तेव्हा तिच्यात शब्दांबरोबर संगीत लिहिण्याचीही पद्धत होती. बोटांनी वाचायचं तर बोटांनी वाजवता येत नाही, म्हणून हे वादक पानंच्या पानं पाठ करत. हात, पाय, शंभरावर खुंट्या, सगळं अंधारात.

२ जून १९३७ च्या संध्याकाळी व्हिएर्न नोत्र-दाममध्ये आपला १,७५० वा कार्यक्रम करत होते. शेजारी त्यांचे शिष्य मोरिस द्युरुफ्ले होते. लिहिलेली रचना संपली, आता दिलेल्या धुनेवर उत्स्फूर्त वादन व्हायचं होतं. व्हिएर्न तिथंच कोसळले. त्यांचा पाय खर्जाच्या एका पट्टीवर पडला आणि तो एकटा सूर कॅथेड्रलभर घुमत राहिला.

हे उत्स्फूर्त वादन म्हणजे या परंपरेचा गाभा. त्यामागे व्यावहारिक कारणही आहे. मिरवणूक दारापासून वेदीपर्यंत पोचायला किती वेळ घेईल हे आधी ठरत नाही, तोवर संगीत चालू हवं. बुवा पुढं कुठलं पद घेतील हे माहीत नसताना कीर्तनात पेटीवाला साथ धरून असतो ना, तसं. फरक इतकाच की इथं साथीदार स्वतःच बुवाही असतो. चार सुरांची धून हाती द्या, तो तिचा मुखडा करून विस्तार करतो.

ओलिव्हिए लात्री १९८५ मध्ये, वयाच्या तेविसाव्या वर्षी नोत्र-दामला आले आणि अजून आहेत. ७ डिसेंबरच्या त्या आठ उत्तरांत ते होते, व्हँसाँ द्युब्वा होते, २०२४ मध्येच नेमले गेलेले तिएरी एस्केश होते आणि विशीतला तिबो फाजोल होता. एकाचा हात थांबायचा, दुसऱ्याचा सुरू व्हायचा. पहिली उत्तरं ऐकताना मला झोपेतून उठणारं माणूस दिसत होतं, आणि शेवटी शेवटी आठ हजार नळ्यांची ती भिंत अंगावर आली.

संगणकावर हेच होत नाही का?

बरंचसं होतं. नामांकित ऑर्गनच्या एकेका नळीचा आवाज ध्वनिमुद्रित करून घरच्या कीबोर्डवर वाजवता येतो, आणि शिकणाऱ्यांना त्याचा फार उपयोग होतो. मी त्याला नावं ठेवणार नाही. पण तिथं हजारो आवाज दोन-चार स्पीकरमधून बाहेर पडतात. इथं प्रत्येक सुराची स्वतःची जागा असते, कुणी डावीकडून बोलतो, कुणी पार मागून, आणि ते एकत्र येतात ते तुम्ही बसलात त्या हवेत. अख्खी वारी एकत्र चालताना ऐकणं आणि तिचं मुद्रण ऐकणं, एवढं ते अंतर.

“चर्चचं वाद्य, आपला काय संबंध?” असंही कुणी म्हणेल. ऑर्गन मुळात चर्चमध्ये जन्मलेलाच नाही. इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात अलेक्झांड्रियात क्तेसिबिओस नावाच्या यंत्रकारानं पाण्याच्या दाबानं हवा ढकलून नळ्या वाजवल्या. चर्चनं त्याला पुष्कळ पुढं आणलं. आज तो सभागृहांतही असतो. सिडनीच्या टाउन हॉलमधल्या ऑर्गनमध्ये तर ६४ फुटी नळ्या आहेत. जर्मनीतली ऑर्गन घडवण्याची कला २०१७ मध्ये युनेस्कोच्या वारसा यादीत आली.

मुंबईकरांना तर लांब जायलाही नको. फोर्टमधलं सेंट थॉमस कॅथेड्रल १७१८ पासून उभं आहे. चर्चगेट हे नाव त्याच्याकडे जाणाऱ्या वेशीवरून पडलं. तिथं पाइप ऑर्गन आहे, कुलाब्याच्या होली नेम कॅथेड्रलमध्येही आहे. डिसेंबरात नाताळाच्या गाण्यांचे कार्यक्रम होतात तेव्हा जा. शक्यतो मागच्या बाकावर बसा, म्हणजे वास्तू ऐकू येईल. आधी एकच मऊ आवाज येईल, मग त्यावर दुसरी ओळ, मग तिसरी. खुंट्या ओढल्या जाताहेत हे आता तुम्हाला कळेल. आणि बाकाच्या लाकडावर तळहात ठेवून बसा. खर्जाची मोठी नळी बोलू लागली की ती हाताला आधी लागते.